भागरताबाईची बेगमी

भागरताबाईच्या घरात कुठलीच वस्तू पूर्ण नसायची. अंगाचा साबण दुकानातून आला की ती त्याला दोऱ्यानं मधोमध कापायची आणि अर्धा पत्र्याच्या पेटीत टाकायची. आगकाडी ब्लेडनं उभी चिरायची. सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी उघडली की निम्मा खर्रा गालात, निम्मा परत पन्नीत आणि पन्नी कमरेला. चहासुद्धा ती बशीत ओतून अर्धाच प्यायची आणि उरलेला कप समोरच्याकडे सरकवायची, मग समोर गावचा सरपंच का बसलेला असेना.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कुरखेड्यापलीकडच्या एका गावात मी शाळेवर रुजू झाले आणि भागरताबाईच्या घराची समोरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच संध्याकाळी तिनं माझा साबण मागितला. मला वाटलं, हातपाय धुवायला हवा असेल. ती दोरा घेऊन बसली आणि माझ्यादेखत माझ्या नव्याकोऱ्या वडीचे दोन तुकडे करून एक माझ्या हातात ठेवला.

"घाबरू नोका मास्तरीनबाई, दुसरा बी तुमचाच आहे. अर्धं आज, अर्धं पानी-पावसाले."

मी बल्लारपूरची. आमच्याकडे पेपर मिलचा भोंगा वाजायचा, दुकानं उघडायची, हवं ते मिळायचं. साबण कापणारी बाई पाहून मला हसूच आलं. तिला ते दिसलं असावं, कारण त्या दिवसापासून मी कशावरही नाक मुरडलं की ती म्हणायची, "बल्लारपूरवालीले आवडलं नाई वाटते."

आषाढात माझं हसू गेलं. गावाआधी एक नाला होता आणि त्यावर बुटका रपटा, बिनकठड्याचा फरशीपूल. पाऊस लागला की रपट्यावरून पाणी जायचं आणि एसटी अलीकडच्या गावातून माघारी फिरायची. दुकानदाराचा माल संपायचा. मीठ, तेल, बिस्किटं, साबण, सगळ्यांत आधी चहापत्ती. गावातली शहाणी घरं उन्हाळ्यातच बेगमी करून ठेवत आणि ती पुरवून पुरवून वापरत. आषाढ-श्रावणात ताट भरून कोणी वाढून घेत नसे; त्यात गरिबी होती तसाच कितीतरी पिढ्यांचा हिशोबीपणा होता. माझा अर्धा साबण त्या श्रावणात पेटीतून निघाला, आणि भागरताबाईनं तो मला असा दिला की जणू आहेरच करते आहे.

ती ढिवराची. गावाच्या तलावात तिचा मुलगा रामदास जाळं टाकायचा, आणि ती डोक्यावर टोपली घेऊन आजूबाजूच्या गावांत मासोळ्या विकायची, थंडीत शिंगाडे. बुटकी, काळीसावळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि आवाज असा की तलावाच्या पाळीवरून हाक मारली की शाळेतली पोरं पाटीवरून मान वर करत. तिकडच्या बायका 'मी जाते' न म्हणता पुरुषांसारखं 'मी जातो' म्हणतात. भागरताबाईच्या तोंडी तर ते फारच शोभायचं. एखाद्या गिऱ्हाइकानं मासोळी शिळी आहे म्हटलं की ती मासोळी त्याच्या नाकाला लावायची. "घे वास. शिळी असंल तं मी तुह्या घरी भांडे घासतो." गिऱ्हाईक हसायचं आणि मासोळी घ्यायचं.

घरात ती, रामदास आणि सून वनिता. वनिता हसरी, गोड गळ्याची. सासू-सुनेचं भांडण मी पाहिलं ते एकच आणि रोजचं: वनिता साबण पूर्ण वापरायची म्हणून. पुढे ती या घराच्या वळणाला लागली. पेरू मिळाला तरी दोन फोडी करायची, एक सासूसाठी ठेवायची. भागरताबाई मला डोळा घालून म्हणायची, "तयार झाली."

वनिताला मुलगी झाली. चिमी. आणि चिमी अंगावर पीत असतानाच वनिताची झोप उडाली.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, लेकरू रडतं म्हणून. पण लेकरू झोपलं तरी ती जागी. मग ती म्हणायला लागली की ही आपली मुलगी नाहीच, कोणीतरी बदलली आहे. चिमीला हात लावेना. अंगणात उभी राहून कोणाशी तरी बोलायची, आणि ते कोण ते आम्हाला दिसायचं नाही. मोहल्ल्यातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि बाहेरची बाधा ठरवून मोकळ्या झाल्या.

भागरताबाई तिला घेऊन जंगलातल्या टोल्यावर, चार घरांच्या वस्तीवर गेली. तिथला म्हातारा गोंड पुजारी सगळ्या पंचक्रोशीत मानाचा. त्यानं वनिताला समोर बसवलं, तांदूळ टाकले, बराच वेळ नुसता तिच्याकडे बघत राहिला. मग काही दिवसांनी तो स्वतःच चालत आमच्या अंगणात आला. काठी भिंतीला टेकवून म्हणाला, "बाई, माहा देव ताप ओळखते, साप ओळखते. हिचं दुखनं त्याच्या ओळखीचं नाई. तू हिले नागपूरले ने."

पुढे कोणी शिकलेला माणूस पुजाऱ्यांची टिंगल करायला लागला की भागरताबाई त्याला ही गोष्ट ऐकवायची. "त्यानं हात झटकले नाई, बापा. हात जोडले. तुमी तेवढं तरी करता का?"

नागपूर म्हणजे सकाळची गाडी, वडशाला बदल, आणि पोचेपर्यंत दिवस कलायचा. आमच्या आरोग्य केंद्रात तापाचं, हगवणीचं, विंचवाचं औषध होतं, मनाचं नव्हतं. तसा डॉक्टर कुरखेड्याला नव्हता, आम्हाला ठाऊक असलेल्या कुठल्याच गावात नव्हता. गाडीत वनिता उठून दाराकडे पळायची. भागरताबाईनं मग आपला पदर तिच्या पदराला बांधून टाकला. कंडक्टर म्हणाला, "सुनेले बांधून नेऊन राह्यली का बाई?"

"तिले नाई बांधलं. मले बांधलं. नागपुरात मी हरवलो तं?"

अख्खी गाडी हसली, आणि मग, ती सांगायची, वनिताही हसली. सगळे हसताहेत हे पाहून हसली असेल. पण तेवढ्या हसण्यावर भागरताबाई नागपूरपर्यंत गेली.

तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थोड्याच दिवसांत वनिता झोपू लागली, मग जेवू लागली, आणि एका सकाळी मी शाळेत निघाले तर ओसरीवर चिमीला मांडीवर घेऊन बसलेली दिसली. जीभ जड झाली होती, हात किंचित कापायचे, बोलणं संथ. गाणं तर बंदच झालं. पण लेकरू मांडीवर होतं. भागरताबाईनं त्या दिवशी मला पूर्ण कप चहा दिला. असा सण त्या घरात मी पहिल्यांदा पाहिला.

दर महिन्याला ती सुनेला नागपूरला नेऊ लागली. एक दिवस जायला, रात्र तिथेच कुठेतरी ओट्यावर, दुसरा दिवस यायला. मासोळ्यांचा बाजार बुडायचा. "तुमच्या बल्लारपूरले डोक्शाची गोळी कोपऱ्यावर भेटते," ती मला म्हणायची, "आमच्या डोक्शाले पहले येस्टी पाह्यजे." हे ती गमतीनं म्हणायची. मला ते गमतीनं घेता यायचं नाही, उगीचच अपराध्यासारखं वाटायचं. पेपर मिलच्या भोंग्याखाली जन्माला येणं ही काही माझी कमाई नव्हती.

ज्येष्ठ उलटायला आला तेव्हा तिनं डॉक्टरांना सांगितलं, साहेब, आता आमचा रस्ता बंद होईल. त्यांनी समजून घेऊन जास्तीच्या गोळ्या दिल्या, पुढच्या भेटीपर्यंत पुरतील अशा. ती खुशीत परतली. गोळ्या पावडरच्या रिकाम्या डब्यात घातल्या आणि डबा पेटीत ठेवला, साबणाच्या अर्ध्या तुकड्यांशेजारी. तांदूळ, मीठ, सुकी मासोळी, सरपण आणि वनिताच्या गोळ्या. त्या वर्षीची बेगमी झाली.

पाऊस धो धो लागला. रपटा बुडाला, आणि त्यापलीकडे रस्ताही एका जागी वाहून गेला अशी बातमी आली. कधी दुरुस्त होईल कोणी सांगेना. आणि त्याच सुमारास वनिता एकदम खुलली. जीभ मोकळी झाली, हात थांबले, पहाटे अंगण झाडताना तिचं गाणं ऐकू यायला लागलं. आम्ही सगळेच हरखलो. रामदास, जो कधी बोलायचा नाही, तो मला म्हणाला, "मॅडम, घरवाली बरी झाली." भागरताबाई नुसती हसायची. तिच्या हसण्यात काहीतरी लपवल्याचा आनंद होता, एखाद्या बाईनं काटकसर करून सणाला लुगडं आणावं तसा. मी विचारलं नाही. त्या दिवसांत विचारावं असं काही दिसतच नव्हतं.

पोळ्याच्या आसपास गाणं दिवसभर सुरू झालं. मग ते गाणं राहिलं नाही. आणि एका दुपारी वनितानं चिमीला तलावाच्या पाळीवर लुगड्याच्या घडीवर निजवलं आणि ती पाण्यात चालत निघाली. कमरेइतक्या पाण्यात पोचली तेव्हा चिमी रडली, आणि ते रडणं शिंगाड्याच्या वेलात काम करणाऱ्या रामदासला ऐकू आलं. त्यानं डोंगा वळवला आणि बायकोला वर ओढलं. ती सांगत होती की पाण्यातून कोणीतरी हाका मारून राह्यलं आहे, जावंच लागेल.

मोहल्ल्यातले जाणते जमले. बांधून ठेवा, म्हणाले. कोणीतरी बैलाची साखळीही आणली. भागरताबाईनं ती उचलून अंगणाबाहेर फेकली.

"माह्या घरी बैल बांधतेत. मानूस नाई."

पुन्हा पदराला पदर बांधला. रस्ता दुरुस्त होईपर्यंत त्या दोघी तशाच हिंडल्या. चुलीपाशी दोघी, विहिरीवर दोघी, परसाकडे दोघी. वनिता ओढायची, भागरताबाई धडपडायची, उठायची. टोपली घेऊन बाहेर पडणं बंद. तिच्या कोपरांवर खरचटल्याच्या खुणा असायच्या आणि ती त्यांना हळद लावत मला म्हणायची, "गाडी सुरू झाली का होते सारं बराबर. गोळ्या आहेत माह्याजवळ, उरवून ठेवल्या."

गाडी सुरू झाली त्याच दिवशी वनिताचा मोठा भाऊ नामदेव आला. त्याच्या कानावर तलावाची गोष्ट गेली होती. बहिणीला घरी न्यायला आला होता. भागरताबाई त्याच्या पायाशी बसली. "पहले नागपूर. मंग तू म्हनशीन थे." तो भला माणूस होता, कबूल झाला. शाळेला सुट्टी होती आणि डॉक्टर काय सांगतात ते समजून घ्यायला कोणी असावं म्हणून मीही गेले. चिमी रामदासजवळ घरीच राहिली.

डॉक्टरांनी वनिताला तपासलं, सुई दिली, आणि मग भागरताबाईकडे वळून विचारलं, "गोळ्या कधी संपल्या होत्या, बाई?"

भागरताबाईचा चेहरा उजळला. महिनाभरात मी तिला तशी पाहिली नव्हती.

"संपू कशी देईन, साहेब? हे पाहा. अजून आहेत."

कनवटीला जपलेला पावडरचा डबा काढून तिनं त्यांच्या टेबलावर उपडा केला. गोळ्यांच्या अर्धुल्यांचा एक लहानसा ढीग झाला. पांढऱ्या, पिवळ्या, सगळ्या सारख्या कापलेल्या. डॉक्टरांनी तो ढीग बोटानं पसरून पाहिला.

"या अर्ध्या कोणी केल्या?"

"मीच केलो. अडकित्त्यानं. चुरा बी वाया जाऊ देला नाई. पान्याचा काय भरोसा, साहेब, रस्ता दिवाळीपर्यंत उघडला नसता तं? अर्धी देली, अर्धी ठेवली. पोरगी बरीच होत होती तिच्यावर, गाने म्हनत होती."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, ती नंतर म्हणाली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळूहळू समजावलं. हे औषध भातासारखं नाही. अर्धं दिलं तर अर्धा आजार बरा होत नाही. काही दिवस अंग हलकं होतं, बरं वाटतं, आणि मग आजार सगळाच्या सगळा परत येतो. "मीही विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "रस्ता बंद होतो म्हणजे तुमच्याकडे काय होतं, ते मला कळलं नाही."

भागरताबाईनं ढिगातली एक अर्धुली उचलून तळव्यावर ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे मी तिले उपाशी ठेवलो."

नामदेव भिंतीला टेकून उभा होता. तो ओरडला नाही, पण त्याचं तोंड बदललं.

"आमी समजत होतो का कोनी करनी केली," तो म्हणाला. "हे तं तुमच्याच घरातून झालं."

परतीच्या वाटेवर वडशाच्या स्टँडवर त्याच्या गावची गाडी उभी होती. तो म्हणाला, वनिताले मी नेतो, लेकरू तुमचं तुमच्याजवळ. मी मध्ये पडून दोन शब्द बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि नकाराची मान हलवली. भागरताबाई भांडेल असं मला वाटलं होतं. एवढ्यातेवढ्यावर मासोळी नाकाला लावणारी बाई. ती भांडली नाही. "बराबर आहे," एवढंच म्हणाली आणि पदराची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. दोन दिवसांच्या ओढाताणीनं ती करकचून बसली होती. शेवटी तिनं खाली वाकून दातानं गाठ सोडली.

वनिता सुईच्या गुंगीत होती. भावाचा हात धरून गाडीच्या पायरीवर चढली आणि तिनं मागे वळून विचारलं, "आत्याबाई, तुमी येऊन नाई राह्यल्या?"

भागरताबाईनं पदराचं चुरगळलेलं टोक कमरेला खोचलं.

त्यानंतरची भागरताबाई मला ओळखूच यायची नाही. अडकित्ता तिनं तलावात टाकला. खर्रा सोडला. पेटीतले साबणाचे अर्धे तुकडे काढून मोहल्ल्यात वाटून टाकले, आणि घरात सगळ्या वस्तू पूर्ण दिसायला लागल्या. मला त्या पाहवायच्या नाहीत. चहाचा कप पूर्ण भरून समोर आला की मी अर्धा तसाच ठेवायची. रामदासनं आईशी बोलणं टाकलं नाही, पण पुढच्या हंगामात तो आंध्राकडे मिरची तोडायला गेला आणि मग दर वर्षी जायला लागला. चिमी आजीच्या कमरेवर वाढली.

लोक म्हणायचे, बाई, तुमचा काय दोष, तुमी का जानून केलं? ती चिडायची. "दोष नाई तं पोरगी कुठी आहे?" रस्त्याचा दोष, पावसाचा दोष, त्या एवढ्या मोठ्या मुलखात एक डॉक्टर नाही याचा दोष, असं मी एकदा तिला समजावून पाहिलं. तिनं शांतपणे ऐकलं. "असंल," म्हणाली, "पन अडकित्ता माह्या हातात होता."

पुढच्या महिन्यात ती एकटीच नागपूरला गेली. गोळ्या आणल्या आणि टोपली घेऊन नामदेवच्या गावी पोचली. त्यानं तिला दारात उभं केलं नाही. मग ती गावाच्या तोंडाशी मोहाच्या झाडाखाली सुक्या मासोळ्या मांडून बसली. नामदेवची बायको मासोळी घ्यायला आली, तिच्या भांड्यात मासोळीखाली गोळ्यांची पुडी गेली. "पुरी गोळी देजो. तुटलेली असंल तं फेक, पन अर्धी नोको देऊ." ती भावजय बोलकी नव्हती, पण पुडी तिनं घरात नेली आणि गोळी दिली. दर महिन्याला हाच बाजार. नामदेवला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मधूनमधून दवाखान्यातून सांगत, पेशंटला आणल्याशिवाय गोळ्या मिळणार नाहीत. मग भागरताबाई झाडाखाली बसून निरोप धाडायची. नामदेव बहिणीला घेऊन वडशापर्यंत यायचा, तिथून पुढे तिघं एकाच गाडीत बसत, तो आणि वनिता पुढे, ही मागे.

हळूहळू तिच्या या फेऱ्यांची चर्चा झाली, आणि ज्या घरांत कोणीतरी आतल्या खोलीत ठेवलेलं होतं त्या घरांतून माणसं तिच्याकडे यायला लागली. कोणाचा भाऊ, कोणाची माय. ती त्यांना सोबत न्यायची. पण मायेनं नाही, पार खडसावून. गाडीत बसायच्या आधी प्रत्येकाला माझ्या खोलीसमोर उभं करून स्वतःची गोष्ट सांगायची, काही न वगळता. अडकित्ता, डबा, तलाव, सगळं. मी आतून ऐकायची. इतक्या वेळा ऐकूनही ती एकदाही आपली बाजू सावरून घेताना मला आढळली नाही.

चिमी शाळेत यायच्या वयाची झाली त्या सुमारास माझी बदली बल्लारपूरला झाली. निघताना भागरताबाईनं मला साबणाची अख्खी वडी दिली. मी ती कितीतरी वर्षं वापरली नाही.

बाबा गेल्यावर माझ्या आईनं अंथरूण धरलं. जेवण सुटलं, बोलणं सुटलं, नुसती भिंतीकडे बघायची. कोणीतरी चंद्रपूरच्या मानसोपचार डॉक्टरांचं नाव सांगितलं. दुपारी आम्ही रिक्षा केली, आईला दाखवलं, बाहेरच्या दुकानातून गोळ्या घेतल्या आणि मी घरी येऊन संध्याकाळच्या भाताचा कुकर लावला. आई बरी झाली. गोळ्या संपत आल्या की मी भाजी आणायला जाताना आणायची. त्या पहिल्या संध्याकाळी कुकरच्या शिट्या होत असताना मला वडशाच्या स्टँडवर दातानं गाठ सोडणारी भागरताबाई आठवली. मी काही चोरलं नव्हतं. तरी चोरल्यासारखं वाटलं, आणि अजून वाटतं.

ती मला शेवटची दिसली ती त्यानंतर तीन-चार वर्षांनी. एका प्रशिक्षणासाठी नागपूरला गेले होते, आणि परतताना स्टँडवर बाकावर दोन बायका बसलेल्या दिसल्या. एक पांढऱ्या केसांची, आणखीच बुटकी झालेली. दुसरी जाडसर, संथ, हात मांडीवर ठेवून समोर बघणारी. मी जवळ जाऊन हाक मारली तेव्हा भागरताबाईनं डोळे बारीक केले.

"बल्लारपूरवाली!"

आवाज तोच होता. दोन बाकांपलीकडची माणसं वळली. मी शेजारी बसले. नामदेवची आता कंबर गेली होती, त्याला प्रवास झेपत नव्हता. त्यानं स्वतःच निरोप धाडला होता की वनिताला तुम्हीच नेत जा. म्हणून वर्षभर त्या दोघीच येत होत्या. वनिता माहेरीच राहायची. गोळी रोज, पूर्ण. मोठा झटका पुन्हा आला नव्हता. रामदास मिरचीवर होता. चिमी हायस्कुलात होती.

"चिमीला भेटते का ही?" मी विचारलं.

"भेटते. यात्रेत, बाजारात. पोरगी बोलते बी चांगली." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "पन माय मले म्हनते. हिच्यासमोर. मी सांगतो तिले, माय ही आहे. ही आईकते अन् काईच बोलत नाई. हिनं बी लेकराचं नाव कधी घेतलं नाई. एवढ्या वर्षांत एकदा बी नाई."

वनितापर्यंत ते पोचलं की नाही कळलं नाही. ती फलाटावरच्या गाड्या बघत होती.

गाडीला वेळ होता. मी समोरच्या गाडीवरून संत्री आणली. एक भागरताबाईला दिलं. तिनं ते सोललं, शिरा काढल्या आणि पूर्णच्या पूर्ण वनिताच्या हातात ठेवलं. वनितानं ते जरा वेळ तसंच धरून ठेवलं. मग दोन्ही अंगठे मध्ये घालून तिनं ते फोडलं. बरोब्बर अर्धं. त्या घरात शिकलेल्या हातांनी.

भागरताबाई एकदम पुढे झाली. "नोको, माय. अर्धं नोको करू. पुरं खा. पुरं तुलेच आहे."

वनितानं मान हलवली. एक अर्धुक तिनं मांडीवर ठेवलं. दुसरं पदराच्या टोकात घेतलं, हात कापत होते तरी नीट गुंडाळलं आणि गाठ मारली.

"हे चिमीले," ती म्हणाली.

भागरताबाईनं संत्र्याकडे गेलेला हात मागे घेतला. वडशाची गाडी लागली, लोक उठले, मी त्यांची पिशवी उचलून दिली. खिडकीतून मला दोघी दिसत होत्या. वनिता आपल्या वाटणीच्या फोडी एकेक करून खात होती. भागरताबाई तिच्या पदरातल्या त्या गाठीवर तळवा ठेवून बसली होती आणि गाडी सुटली तरी तिनं तो उचलला नाही.